मास्तरीण पिवळी होते तेव्हा

एप्रिल आला की आमच्या घरात चिंच भिजत पडते. चौदा तारखेची जयंती तोंडावर आली की आई घरातलं सगळं तांबं-पितळ अंगणात काढते, पायरीवर फतकल मारून बसते आणि चिंचेच्या कोळात जाडं मीठ घालून एकेक भांडं घासायला घेते. त्या आंबट वासाला माझ्या नाकात दुसरा एक वास कायमचा चिकटलेला आहे, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांचा. मी शाळेत शिकवते. बाहेरच्यांना वाटतं, कोकणातला एप्रिल म्हणजे आंबा. आमच्यासाठी तो म्हणजे पर्यवेक्षण. तीन तास वर्गात फेऱ्या मारायच्या, पंख्याची घरघर ऐकायची आणि 'मागे बघू नकोस' हे वाक्य किती वेळा बोलता येतं ते बघायचं. यंदाही चिंच भिजली, यंदाही परीक्षा लागली, आणि परवा सकाळी टँकमध्ये डोकावले तर मास्तरीण पुन्हा पिवळी झाली होती.

मास्तरीण हा मासा आहे. नाव माझ्या भावाने ठेवलं, मला चिडवायला. विनू माझ्याहून बराच लहान, त्यामुळे मी शाळेत मास्तरीण आणि घरी आल्यावरही मास्तरीणच, अशी त्याची तक्रार असे. ही मासळी बोटाच्या दोन पेरांएवढी. एरवी मातकट, कुणाच्या डोळ्यांतही भरणार नाही अशी. पण अंडी घातली की एका रात्रीत हळदीसारखी पिवळी होते, डोळ्यांवरून काळी रेघ उमटते आणि ती मग कुणाचं ऐकून घेत नाही. तिचा नवरा तिच्या दुप्पट मोठा, शेपटीला नारिंगी ठिपके, डोक्यावर तुऱ्यासारखे उभे पर. त्याला विनू साहेब म्हणायचा. मास्तरीण पिवळी झाली की साहेबांना टँकच्या दुसऱ्या कोपऱ्यात हाकलून द्यायची आणि साहेब तिकडे आपले पर फुलवून उगाच उभे राहायचे. "बघ ताई, हेडमास्तर," विनू म्हणायचा. मला हसू यायचं, पण मी ते दाखवत नसे.

विनू मांडव्याच्या जेट्टीवर तिकिटाच्या खिडकीत बसायचा. गेटवेहून येणारे शनिवार-रविवारचे लोक, त्यांची कुत्री, त्यांच्या टोप्या, सगळं बघून संध्याकाळी घरी येऊन नकला करायचा. एकदा असाच मुंबईला गेला आणि परतताना कॅटमरान बोटीतून मांडीवर प्लास्टिकची फुगलेली पिशवी घेऊन आला. पिशवीत हे दोघे. आमचं घर थळच्या अलीकडे, रस्त्यालगत. शेजारच्या हिराकाकू कोळीण, उभा जन्म टोपली घेऊन हिंडलेल्या. त्यांनी पिशवी उजेडात धरली, नीट बघितली आणि विनूकडे बघितलं.

"काय रं विनू, आमी हितली मावरं मुंबयला धारताव, न तू मुंबयशी मावरं आनतंस? न तीबी नखाएवरी?"

"ही खायची नाहीत काकू, बघायची."

"बगाची?" हिराकाकूंनी पिशवी परत दिली. "मंग बग बाबा. पोट भरल तवा सांग."

ही माशांची जात तिकडे दक्षिण अमेरिकेतली, जंगलातल्या काळपट ओढ्यांमधली. विनू त्यांना अपिस्टो म्हणायचा, पूर्ण नाव त्यालाही नीट उच्चारता येत नसे. त्यांना पाणी लागतं मऊ, क्षार नसलेलं. आमच्याकडे विहिरीचं पाणी होळीनंतर मचूळ होतं, आणि नळाला पंचायतीने टाकलेल्या जंतू मारायच्या टीसीएल पावडरीचा वास. म्हणून विनूने पावसातच पागोळीखाली नळी लावून निळं पिंप भरून ठेवलेलं असायचं. त्यावर झाकण, झाकणावर फडकं, फडक्यावर दगड. वर्षभर टँकला तेच पाणी. त्यात तो आमच्या कुंपणावरच्या देशी बदामाची पडलेली लाल पानं धुऊन टाकायचा. पाण्याला कोऱ्या चहाचा रंग यायचा. त्या रंगात मास्तरणीचं पिवळेपण असं उठून दिसायचं की मीसुद्धा पेपर तपासता तपासता मान वर करायची.

आईला मात्र ते पाणी कधी आवडलं नाही. तिच्या मते ते घाण पाणी होतं. पानं कुजवलेलं. "जित्या जिवाला असल्या पाण्यात ठेवतात व्हय?" ती विचारायची. विनू तिला समजावायचा की त्यांना असंच लागतं, त्यांच्या गावाला असंच असतं. आई मान हलवायची. समजलं म्हणून नव्हे, पोराशी वाद नको म्हणून.

आईचं आणि पाण्याचं जरा वेगळं आहे. तिचं माहेर तळा तालुक्यातलं. तिच्या लहानपणी आमच्या लोकांचा हात गावच्या विहिरीला लागायचा नाही. भांडं घेऊन लांब उभं राहायचं, कुणाला दया आली की वरून ओतेल तेवढं झेलायचं आणि घरी यायचं. हे ती रडून सांगत नाही. भाताला पाणी किती घालायचं ते सांगावं, तसं सांगते. पुढे लग्न होऊन ती इकडे आली, बाबांना बांधकाम खात्यात नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून त्यांनी तिला तांब्याचा हंडा आणून दिला. बाबा गेले, घर पत्र्याचं होतं ते कौलांचं झालं, फ्रिज आला, हंडा स्वयंपाकघरात त्याच जागी आहे. रात्री भरून ठेवायचा, सकाळपासून प्यायचा. दारात जो येईल, पोस्टमन असो, मीटर बघणारा असो, हिराकाकू असोत, त्याला आधी गूळ आणि त्या हंड्यातलं फुलपात्र भरून पाणी. आणि तो माणूस ते पिईपर्यंत आई समोरून हलत नाही. कुणी अर्धं ठेवून उठलं की तिचा दिवस खराब जातो. लहानपणी मला या गोष्टीची फार लाज वाटायची. मैत्रिणी घरी आल्या की मी त्यांना आधीच बजावायची, सगळं संपवा, नाहीतर सुटका नाही.

अशा बाईच्या मुलाच्या किडन्या गेल्या.

कशा गेल्या, का गेल्या, हे डॉक्टरांनी आम्हाला तीन-चार प्रकारे सांगितलं आणि आम्ही तिन्ही-चारी प्रकारे मान हलवली. आईने लगेच आपली देऊ केली. आईला साखर. मग मी. मला रक्तदाब. दोघींच्याही नाकारल्या. आई दवाखान्याच्या बाकावर बसून मला म्हणाली, "दोघींच्या मिळून चार हायत, न एक कामाची न्हाय." मुंबईतल्या कुठल्याशा यादीत त्याचं नाव लागलं. यादी पुढे सरकते असं सगळे सांगत. मी कधी सरकलेली पाहिली नाही.

आठवड्यातून तीनदा अलिबागला डायलिसिस. जेट्टीवरची नोकरी सुटली. आणि पाण्यावर बंदी आली. दिवसभराचं पाणी एका लहान बाटलीत, गोळ्या गिळायचं धरून. शहाळं नाही, केळं नाही, सुकट नाही, मीठ नाही. नारळाच्या झाडाखाली बसलेल्या माणसाला शहाळं नाही म्हणून सांगायचं म्हणजे काय, ते एप्रिलमध्ये इथे राहून बघावं. विनू बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचा. बाटलीतलं पाणी दुपारपर्यंत अर्ध्यावर येऊ नये म्हणून तिच्याकडे पाठ करून बसायचा. आई हंड्यावरचं झाकण आवाज न करता काढायला शिकली. सगळ्या गावाला पाणी पाजणारी बाई, स्वतः पाणी प्यायला मागच्या दारी जाऊ लागली.

तो मग टँकसमोर बसू लागला. तासन् तास. मी एकदा म्हटलं, "पाणी बघून तहान वाढत नाही का रे?" तो म्हणाला, "नाही. कमी वाटते." मला काही ते पटलं नाही, पण ज्याची तहान त्याला माहीत.

त्या हिवाळ्यात मास्तरीण पहिल्यांदा पिवळी झाली. करवंटीला एका बाजूने खाच पाडून विनूने ती टँकमध्ये पालथी घातली होती. आत, छताला, तिने अंडी चिकटवली. लालसर, खसखशीएवढी. दुसऱ्या दिवशी अंडी नव्हती. तिनेच खाल्ली. मी म्हटलं, काय आई आहे. विनू म्हणाला, "पहिल्यांदा घाबरतात. वाटतं, कुणीतरी नेणारच, त्यापेक्षा आपणच." त्यानंतरच्या खेपेला अंड्यांवर पांढरी बुरशी चढली. त्यालाही त्याने काहीतरी कारण सांगितलं. तेव्हा मला कळलं की तो या पिल्लांसाठी थांबलाय. यादीचं तो कधी विचारत नसे. मी विषय काढला की म्हणायचा, "ते जाऊ दे. एक घोळका तरी मोठा झालेला बघायचाय." एवढंच त्याने मागितलेलं. माझ्या आठवणीत त्याने दुसरं काही मागितलेलं नाही.

मार्चअखेरीस ती पिल्लं झाली. आधी करवंटीच्या तळाशी नुसती वळवळ, धुळीला जीव आल्यासारखी. मग एका सकाळी मास्तरीण बाहेर आली आणि तिच्या पोटाखाली जिऱ्याहून बारीक ठिपक्यांचा एक ढग. ती पर झटकून काहीतरी खूण करायची आणि सगळा ढग एकदम खाली बसायचा, पानाला चिकटून दिसेनासा व्हायचा. पुन्हा झटकलं की उठायचा. एखादं पोर वाट चुकून वर निघालं तर ती त्याला सरळ तोंडात घ्यायची, घोळक्यापाशी आणून थुंकायची. मी वीस वर्षं वर्ग सांभाळतेय, मला असं कधी जमलं नाही. विनू मला हाक मारून दाखवायचा. "ताई, बघ, हजेरी घेतेय." तो हसायचा तेव्हा त्याचा सुजलेला चेहरा जुन्यासारखा दिसायचा.

त्या पिल्लांना खायला जिवंतच लागायचं. त्यासाठी आर्टेमिया नावाच्या किड्यांची अंडी मिळतात, सुकी, तपकिरी पुडीत. ती खाऱ्या पाण्यात घालून खालून हवा सोडली की दुसऱ्या दिवशी नारिंगी धुकं तयार होतं. हिराकाकूंनी ओळखीच्या मिठागरातून जाडं मीठ आणून दिलं. आता त्या पिल्लांची रोज चौकशी करायच्या. रोज सकाळी विनू उलट्या बाटलीत मीठ घालून पाणी ढवळायचा. मीठ आणि पाणी, दोन्ही त्याला वर्ज्य. बोटांना लागलेलं मीठ तो फडक्याला नीट पुसायचा. मग नारिंगी धुकं गाळून, गोड्या पाण्यात धुऊन, थेंबाथेंबाने पिल्लांवर सोडायचा. पिल्लांची पोटं नारिंगी व्हायची. भिंगातून बघितलं तर दिसायची. पोट भरलेलं पोर ओळखायला मला भिंग लागत नाही, मी नुसतं विनूच्या तोंडाकडे बघितलं.

आई लांबून बघायची. तिला त्या मास्तरणीबद्दल मात्र आदर वाटू लागला होता. "न खाता न पिता राखण करते," ती म्हणायची. पाण्याचा रंग अजूनही तिला पसंत नव्हता.

मग जयंतीच्या आदल्या दिवशीची दुपार. विनू डायलिसिसला गेलेला, मी परीक्षेला. सकाळी आईने हंडा घासला होता, आणि हंडा चिंचेने घासला की किती झगझगीत होतो ते सांगायला नको, उन्हात बघवत नाही. तो विसळून, भरून, जागेवर ठेवलेला. उकाडा असा की टँकमधलं पाणी बोटभर खाली आलेलं. विनूचा निघायच्या गडबडीत टँक भरायचा राहिला असावा. मी शाळेतून येत होते तेव्हाच विनू रिक्षातून उतरला. हाताला कापसाचा बोळा चिकटवलेला, चेहरा पार उतरलेला. डायलिसिसहून आला की तो आधी आडवा व्हायचा. त्या दिवशी तो आधी टँकपाशी वाकला आणि वाकलेलाच राहिला.

पिल्लं तळाशी पडली होती. पानावर, करवंटीवर, वाळूवर. मास्तरीण एकेक उचलत होती, तोंडात घेऊन करवंटीपाशी नेत होती, थुंकत होती. पिल्लू पुन्हा तळाला जात होतं. ती पुन्हा उचलत होती. पिवळा रंग तसाच, झळझळीत. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. तिने अजून पाहिलं नव्हतं. "विनू, आज मी पानी घातलं हां त्यांना. लय खाली गेलेलं. पिल्लं वर वर येत व्हती, म्हटलं तहान लागली आसंल. ते पिंपातलं कुजकं न्हाय घातलं. आपल्या हंड्यातलं घातलं, दोन तांबे. चांगलं."

मी उत्तरपत्रिकांची पिशवी हातात तशीच धरून उभी होते. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याबद्दल विनूनेच मला कधीतरी सांगितलेलं. माणसाला चांगलं, माशांना विष, त्यातही असल्या मऊ पाण्यात आणि इतक्या लहान जिवांना. मोठे सोसतात. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. आता हा काहीतरी बोलेल, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर बोलावं असंही वाटलं. मला स्वतःला ओरडायचं होतं. कुणावर, ते कळत नव्हतं.

विनू सरळ झाला. "बरं केलंस आई," तो म्हणाला. "पण उन्हाने गेली गं पिल्लं. उकाडा केवढा आहे."

आई जवळ आली, वाकली. बराच वेळ बघत राहिली. "पानी घालायला उशीर झाला का रं माझा?"

"नाही. तू घातलंस म्हणून मोठी दोघं तरी राहिली."

"व्हय," आई म्हणाली. "उकाडा लय हाय." मग ती आत गेली, त्याचा बिनमिठाचा भात बघायला.

आम्ही मागे पिंपापाशी गेलो. तो पिंपाला टेकून उभा राहिला. "आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

"विनू, ती पुन्हा घालेल."

"मी आधीच भरून ठेवत जाईन. जागाच ठेवायची नाही." मग म्हणाला, "ताई, तिला मला काय काय द्यायचं होतं. काही घेता आलं का? हे एक तिने दिलं. ते तसं निघालं, हे तिला नको कळायला. कधीच."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी जयंतीला आईने विनूला नवा पांढरा सदरा घातला, आम्ही विहारात गेलो, वंदना झाली. बाहेर पाण्याच्या पिंपाजवळ आई लोकांना पाणी देत होती आणि विनू दूर सावलीत बसून तिच्याकडे बघत होता. घरी आलो तोवर मास्तरणीचा पिवळा रंग उतरायला लागला होता. संध्याकाळपर्यंत ती पुन्हा मातकट झाली, साहेब पुन्हा करवंटीपर्यंत येऊ लागले. त्यांच्या जगात एवढ्यात सगळं मिटतं. मला त्यांचा फार राग आला.

पुन्हा पिल्लं झाली नाहीत. ज्येष्ठात विनूने स्टुलावर चढून पागोळीची नळी नीट केली, पिंप घासून उलटं वाळवलं. मी खालून स्टूल धरलं होतं. "यंदा भरून ठेवतो, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याला चिंता नाही," तो म्हणाला. कुणाचा पुढचा उन्हाळा, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. श्रावणात तो गेला. शेवटच्या दिवसांत त्याच्या ओठांवरून ओला कापूस फिरवायची तेवढी परवानगी होती. आई रोज घरून हंड्यातलं पाणी बाटलीत भरून न्यायची, डॉक्टर हो म्हणाले तर जवळ असावं म्हणून. डॉक्टर हो म्हणाले नाहीत. ती बाटली त्याच्या पाठोपाठ भरलेली घरी आली. आईने ती बदामाच्या मुळाशी ओतली, सावकाश, शेवटचा थेंब पडेपर्यंत.

दुखवट्याचे दिवस सरल्यावर, एका सकाळी मी बघितलं, आई फुलपात्र घेऊन टँकपाशी उभी. विनूची मासळी आहे, तिला कुणी पाणी द्यायचं, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, "आई, भरलेला आहे तो." तिने बघितलं, खरंच भरलेला होता. त्या दिवशी नशिबाने. दुसऱ्या दिवसापासून मी नशिबावर सोडलं नाही. रोज पहाटे मी पिंपातून तांब्याभर पाणी काढते, स्टीलच्या, आणि टँक काठोकाठ भरते. आई उठायच्या आत. आई फुलपात्र घेऊन येते, बघते, परत जाते. साहेब दिवाळीनंतर गेले, वयाने गेले असावेत. मास्तरीण राहिली.

आणि आता ती पुन्हा पिवळी झाली आहे. करवंटीच्या छताला अंडी आहेत, मी बॅटरी मारून बघितली. ती तितक्याच जोमाने राखण करते, कुणी नसताना कोपऱ्यात धावून जाते. साहेब नसताना ही अंडी फलणार नाहीत. दोन दिवसांत पांढरी पडतील, मग ती रंग उतरवून पुन्हा मातकट होईल, आणि काही आठवड्यांनी पुन्हा घालेल. आईने ती पिवळी झालेली बघितली आणि तिचा चेहरा उजळला. "पिल्लं व्हणार गं," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत तिच्या तोंडून आनंदाचं असं पहिलंच वाक्य. मी 'बघू' म्हटलं. विनूने मला एकच गोष्ट लपवायला सांगितली होती, तिच्या आता दोन झाल्या. अशाने त्या वाढतच जाणार. पिंपाचा तळ दिसायला लागलाय. विनूने नळी लावली त्या पावसाचं हे पाणी, ते संपलं की मी नळाचं पाणी बादलीत वास जाईपर्यंत ठेवून वापरीन. मास्तरणीला ते मानवणार नाही, हे मला माहीत आहे. विनूच्या कल्पनेतला तो मोठा झालेला घोळका आता कुणालाच दिसायचा नाही.

आज आठवीचा गणिताचा पेपर. पर्यवेक्षणाला लवकर जायचं होतं, तरी मी टँक आधी भरला. केसांना फणी फिरवत होते तेव्हा आई आली. काल हंडा घासलेला, तिच्या बोटांच्या पेरांत अजून चिंचेचा काळपटपणा होता. हातात फुलपात्र. टँकपाशी थांबली, पाण्याच्या काठाकडे बघितलं. काचेच्या आत मास्तरीण करवंटीभोवती घिरट्या घालत होती.

"भरलेलाच हाय," आई म्हणाली.

"हो."

"रोजच भरलेला." ती वाकून आत बघत राहिली. "विनूवानी न्हायत गं ही मासळी. यांना तहानच लागत न्हाय."

मी फणी खाली ठेवली.

"मग तू पी," आईने फुलपात्र माझ्यापुढे केलं. "उन्हातनं जायचंय तुला."

उशीर झाला होता. रिक्षा रस्त्यावर हॉर्न मारत होती. मी उभ्यानेच घेतलं. नव्याने घासलेल्या हंड्याच्या पाण्याला असते तशी किंचित तुरट चव होती. आई समोर उभी होती. शेवटचा घोट संपवून मी फुलपात्र उलटं करून दाखवलं, तेव्हा ती आत गेली.